डोंगराचं की परातीचं

सोजरबाईंना कुठल्याही नव्या घरात नेलं की त्या आधी खाली बघायच्या. भिंतीवरचे फोटो, सोफा, टीव्ही, कशाकडे लक्ष नाही. फरशीचे सांधे, उंबऱ्याची खाच, मोरीचं तोंड, एवढंच. संभाजीनगरला माझ्या सिडकोतल्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, बाईंना घर अस्वच्छ दिसतंय. त्या बिचाऱ्या बोलता बोलता कोपऱ्यातला केर पायानं सोफ्याखाली लोटायला लागल्या. मी म्हटलं, "आई, असू द्या, ती त्यांची सवय आहे." सोजरबाई ओशाळल्या. म्हणाल्या, "नजर ऱ्हाती वो खाली. तीस वर्सं खालीच बघितलं."

तीस वर्षं त्या सराफ्यात झाडू मारत होत्या. महापालिकेचा झाडू नव्हे. सोनाराची कानस चालली की सोन्याची भुकटी उडते. ती कपड्यांना चिकटते, चपलांना चिकटते, दुकानाबाहेर जाते आणि पायरीच्या फटीत नाहीतर गटारात जाऊन बसते. ती माती, तो गाळ खरवडून घरी न्यायचा, परातीत पाण्यानं धूत बसायचं आणि त्यातले सोन्याचे कण वेगळे काढायचे, असा त्यांचा धंदा. हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. सोजरबाईंच्या सासरी ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. नवरा लवकर गेला. मुलगी शहराच्या कडेला पडेगावात दिली होती, तिच्या शेजारी दोन खोल्या घेऊन बाई राहत.

आमची कंपनी म्हणजे चार माणसं, सिडकोत एक ऑफिस आणि शहराबाहेर चितेगावला भाड्याचं एक शेड. काम असं, की दुर्गम डोंगरात जायचं, तिथल्या नाल्यांतला गाळ गोळा करायचा, त्यात सोन्याचा काही अंश आहे का ते तपासायचं आणि कुठला डोंगर पुढे भोकं पाडून बघण्यासारखा आहे ते गिऱ्हाईक कंपनीला सांगायचं. आता संभाजीनगरच्या आसपास जिकडे बघावं तिकडे काळा बसाल्ट. यात सोनं शोधायला निघालेल्या माणसाला घरचे लोक आधी डॉक्टरकडे नेतील. आम्हाला कामासाठी पार पूर्व विदर्भाच्या टोकाला जावं लागे. पण आमचे मालक शिंदे सर इथले, त्यांना हे शहर सोडवत नव्हतं, म्हणून ऑफिस इथं.

सोजरबाई सापडल्या त्याही सरांनाच. सर सराफ्यात अंगठी सैल करायला गेले होते. समोर एक बाई पायरीची फट टोकरत बसलेली दिसली. चौकशी केली, तिच्यामागे पडेगावला गेले आणि तिला परात फिरवताना बघून तिथंच उकिडवे बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली. सोनाराकडून सोन्याच्या भुकटीतले चार कण आणले, बादलीभर वाळूत मिसळले आणि ती बादली बाईंपुढे ठेवली. बाईंनी थोड्या वेळात चारही कण अंगठ्याच्या नखावर काढून दाखवले आणि म्हणाल्या, "सायेब, ह्यातला एक पितळाचा हाय." सर त्याच पावली सोनाराशी भांडायला गेले. नोकरी पक्की झाली ती अशी.

मी तेव्हा कंपनीत नवीन, अजून कायम न झालेली, आणि कंपनीतली एकटीच बाई भूशास्त्रज्ञ. "बाईमाणसाला डोंगरात झेपेल का?" हे वाक्य माझ्या तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. माझी पाठ वळली की म्हणत, आणि मला ते पाठीनं ऐकू यायचं. कॅम्पवर मला सोबत हवी होती आणि सरांना गाळ धुणारा हात हवा होता. सोजरबाई एका दगडात दोन पक्षी होत्या. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही दोघी तीन महिने राहिलो.

पहिले तीन आठवडे त्यांनी पिशवी उघडून कपडे दोरीवर टाकलेच नाहीत. एक साडी काढायची, एक धुवायची, वाळली की घडी करून परत पिशवीत. मी विचारलं, "सोजरबाई, कुठं निघालात का?" तर म्हणाल्या, "कवा बी म्हणत्यान, जा. मग पसारा कामून?" सरांचा फोन येऊन गेला की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या. "सायेब माझं काय म्हणले?" काही नाही म्हटलं तर चेहरा पडायचा. "कायच नाय म्हणले?" म्हणजे कौतुक केलं तरी भीती, नाही केलं तरी भीती. मला आधी हसू यायचं. नंतर माझ्या लक्षात आलं, की सर माझ्याबद्दल काही म्हणाले का, हे मी ड्रायव्हरला विचारतेय. भीतीची लागण होते, आणि एका खोलीत तर फारच लवकर होते.

पण नाल्यात उतरलं की बाई वेगळ्या. जड वाळू कुठं अडकते ते मला पुस्तकातून ठाऊक होतं. वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या आडोशाला, झाडाच्या मुळांत. सोजरबाई नाल्यात उभ्या राहून एकदा वर, एकदा खाली बघायच्या आणि म्हणायच्या, "हितं बसंल." विचारलं तर सांगायच्या, "गटार बी असंच वळतंय की." गाळ काढायचा, चाळायचा, कंपनीनं दिलेल्या हिरव्या प्लास्टिकच्या थाळीत घेऊन पाण्यात गोल गोल फिरवायचा. हलकं ते पाण्याबरोबर वाहून जातं, जड ते तळाशी राहतं. शेवटी मूठभर काळी वाळू उरते, ती पिशवीत भरायची. मी पिशवीवर नंबर टाकायचा आणि वहीत लिहायचं, कुठून घेतलं, कसं घेतलं, कशात धुतलं. धुऊन झालं असं मला वाटायचं तेव्हा सोजरबाईंचं "आणखी एकदा" यायचं. चहाच्या कपालाही आणखी एकदा, भाजीलाही आणखी एकदा. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, स्टीलचा कप आहे तो, त्याचा रंग जाईल." त्यांनी ऐकून घेतलं आणि आणखी एकदा धुतला.

सोन्याच्या कामात अंगावर सोनं घालायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. अंगठीचा खरवडलेला एक कण नमुन्यात पडला तर सगळा डोंगर खोटा ठरतो. नियम मला तोंडपाठ होता, पण गळ्यात मंगळसूत्र होतं. लग्नाला चार महिने झालेले, सासूबाईंनी निघताना बजावलेलं. मी ते शर्टच्या आत टाकून गेले. सोजरबाईंनी पहिल्याच नाल्यावर माझ्या मानेवरची काळ्या मण्यांची सर बघितली. "ताई, गळ्यातलं काढा." मी म्हटलं, "आत आहे हो." त्या थाळी खाली ठेवून काठावर जाऊन बसल्या. उठेचनात. शेवटी मी काढलं, रुमालात बांधलं, ड्रायव्हरकडे पाठवलं. मग गिऱ्हाईक कंपनीचे एक मोठे साहेब पाहणीला आले. दोन्ही हातांत मिळून तीन अंगठ्या, ग्रहांच्या खड्यांच्या. ते थाळीत हात घालणार एवढ्यात सोजरबाईंनी थाळी मागे ओढली. साहेबांचा हात पाण्यात. आम्ही सगळे जागच्या जागी गार. बाईंनी थाळी पोटाशी धरलेली. "बोटं धुवा सायेब, आन ते काढून या," म्हणाल्या. साहेब हसले म्हणून निभावलं. संध्याकाळी बाईंनी जेवण केलं नाही. "आता धाडतील मला माघारी," एवढंच म्हणत राहिल्या.

एकदा ओल्या वाळूत अस्वलाच्या पावलांचे ठसे दिसले. इतके ताजे, की त्यांत पाणी अजून झिरपत होतं. मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता. बाई गाळ धूत बसलेल्या. म्हणाल्या, "पाणी पिऊन गेलं ते. त्याचं काम झालं. आपलं ऱ्हायलंय."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"लई वाटती. पर हे अर्धं सोडलं तर मला महिनाभर झोप यायची नाय."

मी झाडाला पाठ लावून उभी, हातात भूशास्त्राचा हातोडा, अस्वलाला दाखवायला. त्यांचे ओठ पुटपुटत होते आणि हातातली थाळी मात्र एका लयीत फिरत होती.

हे काम त्यांना किती प्रिय होतं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. दुपारी नाल्याकाठी भाकरी खात होतो. पाणी इतकं स्वच्छ, की तळाचा खडा न् खडा दिसत होता. त्या पाण्यात हात बुडवून बसल्या होत्या. "ताई, तीस वर्सं गटाराचं धुतलं. हाताचा वास जात नव्हता, लेकरू घास घ्यायचं नाय माझ्या हातचा. असल्या पाण्यात धुवाया मिळंल असं सपनात नव्हतं." मग हात पाण्यातून काढत, "इथून हाकललं तर परत तिथंच हाय." मी म्हटलं, तुम्हाला कशाला कोण हाकलतंय. अगदी सहज म्हटलं मी ते.

आता त्यांच्या परातीबद्दल. सराफ्याचं काम सुटलं तरी परात सुटली नव्हती. लोखंडी, जड, काठ दुमडलेला, सासूकडून आलेली. त्या परातीत गाळ धुवायची कॅम्पवर सक्त मनाई. तशी बाईही धुवायच्या नाहीत. पण भरलेल्या, तोंड बांधलेल्या पिशव्या त्या तिच्यात ठेवून डोक्यावरून आणत. पिशव्या बंद असतात, काय होतंय, असं म्हणून मी ते चालू दिलं. सरांना कळवलं नाही. इथं माझं पहिलं चुकलं.

शेवटचा नाला कॅम्पपासून चार तासांच्या चढावर होता. त्याच्या तोंडाशी पळसाची झाडं होती, म्हणून आमच्या बोलण्यात तो पळसाचा नाला. जंगलखात्याची परवानगी दुसऱ्या दिवशी संपत होती. जागा एकच उरली होती. बाईंनी थाळी काठावर ठेवून गाळ चाळायला घेतला आणि माझ्या डोक्यावरच्या फांदीत एक वानर एकदम खेकसलं. मी उडी मारली. सरळ थाळीवर. काठापासून मध्यापर्यंत तडा.

"माघारी जाऊ," सोजरबाई म्हणाल्या. "उद्या नवी घेऊन येऊ."

"उद्या परवानगी संपते. आणि आलो तरी चार तास यायला, चार जायला."

"मग ऱ्हाऊ द्या हा नाला."

राहू द्या म्हणजे नकाशात एक भोक आणि अहवालात माझं नाव. मी त्यांच्या परातीकडे बघितलं. "ही आहे ना."

"नगं ताई. ही सराफ्यात फिरल्याली हाय."

"घासून घ्या की वाळूनं. तीनदा घासा."

त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मी घड्याळ बघत होते. शेवटी बसल्या आणि परात घासायला लागल्या. तीनदा नाही, सहा-सात वेळा घासली. नखानं काठाची घडी टोकरली, पदरानं पुसली, परत घासली. मग गाळ घेतला. धुऊन काळी वाळू उरली आणि तिच्या टोकाला एक पिवळा ठिपका. मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढा असेल. तीन महिन्यांत डोळ्यानं दिसलेला पहिला कण.

मी ओरडलेच. सोजरबाई ओरडल्या नाहीत. परात मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, हे डोंगराचं का माझं?"

"डोंगराचं, सोजरबाई! डोंगराचंच!"

"आणखी एकदा धुवू? दुसरा गाळ घेऊन?"

"ऊन उतरलंय. चला आता."

वहीत मी रोजच्यासारखं लिहिलं. धुण्याचं भांडं, प्लास्टिकची थाळी. लिहिताना हात अडखळला नाही, हे मला आजही आठवतं.

निकाल आला तेव्हा आम्ही परत शहरात होतो. पळसाच्या नाल्याचा आकडा आजूबाजूच्या सगळ्या नमुन्यांच्या कितीतरी पट. सरांनी गिऱ्हाईक कंपनीला ताबडतोब कळवलं. पेढे आणले. पडेगावला गाडी पाठवून सोजरबाईंना बोलावून घेतलं, त्यांच्यासाठी साडी आणि नारळ टेबलावर मांडून ठेवला. मला आठ दिवस झोप नव्हती. कण डोंगराचा असेलच, असणारच, असं मी रोज स्वतःला समजावत होते, आणि ज्या गोष्टीची खात्री असते ती रोज समजवावी लागत नाही हेही मला कळत होतं.

बाई आल्या, दाराशेजारच्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. सरांनी माझ्या तोंडात पेढा घातला आणि त्यांच्यासमोर साडी धरली. "सोजरबाई, तुमच्या हातानं नशीब काढलं!"

"कुठला नाला सायेब?"

"तो शेवटचा. पळसाचा."

त्यांनी साडी हातात घेतली होती. ती परत टेबलावर ठेवली, नीट, घडी मोडू न देता. "त्यो धरू नगा. त्यो माझ्या परातीत धुतलाय. सराफ्याच्या."

सरांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "वहीत तर थाळी लिहिलंय." आणि माझ्याकडे वळले.

मी तोंड उघडायच्या आत सोजरबाई बोलल्या. "ताईंना ठावं नाय. त्या म्होरं नकाशा बघत व्हत्या. थाळी माझ्या हातनं पडून फुटली, म्या गुपचूप परातीत धुतलं. भ्या वाटलं, हाकलाल म्हणून."

माझ्या तोंडात पेढा होता. बोलता आलं नाही याचं हे कारण मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला दिलं. पण पेढा काही इतका वेळ टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी चितेगावच्या शेडमध्ये परीक्षा झाली. सरांनी धुऊन, भाजून ठेवलेली पांढरी कोरी वाळू आणली, जिच्यात सोनं असूच शकत नाही अशी. सोजरबाईंनी नळाखाली परात घासली, त्या दिवशी घासली होती तितक्याच वेळा. मग वाळू घेऊन बसल्या. शेडमधले दोन कामगार, सर आणि मी, सगळे उभे. पत्रा तापलेला, कुणी पंखासुद्धा लावला नाही. परात फिरत होती. मला मनापासून वाटत होतं, काही निघू नये. मी देवाला नवस बोलले. खरं सांगायचं तर त्या नवसात सोजरबाई किती होत्या आणि मी किती, ते मला सांगता येणार नाही.

वाळू संपत आली. त्यांनी परात तिरकी केली, शेवटचं पाणी हळूच सोडलं आणि थांबल्या. वाटलं असतं तर त्या पाण्याबरोबर तो कण सोडून देता आला असता. आमच्यापैकी कुणाला दिसलाही नसता. त्यांनी तो अंगठ्याच्या नखावर उचलला आणि सरांपुढे हात केला.

"हाय सायेब."

शिंदे सर वाईट माणूस नव्हेत. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "सोजरबाई, आता मी काय करू?" गिऱ्हाईक कंपनीला दुसरं पत्र गेलं. त्यांचं उत्तर आलं, की नमुना बाद, नाला पुन्हा तपासा, आणि ज्या व्यक्तीनं हे केलं तिला कामावर ठेवू नये. सोजरबाईंना ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी वाचलं. त्या म्हणाल्या, "बरं," आणि परात पदराखाली घेऊन शेडबाहेर पैठण रोडला रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या.

महिन्याभरानं नवी परवानगी मिळाली. मी पळसाच्या नाल्यावर पुन्हा गेले, तिकडचाच एक गाळ धुणारा घेऊन. नव्या थाळीत तीन वेगवेगळ्या जागांचा गाळ धुतला. मी वाळूवर नाक टेकवून बघत होते. डोळ्याला काही दिसलं नाही. प्रयोगशाळेचा निकालही तसाच आला. नाही म्हणायला अंश होता, पण पुढे भोकं पाडावीत इतका नाही. तो डोंगर आम्ही यादीतून काढला.

निकालाचा कागद घेऊन सर आणि मी चितेगावहून परत येत होतो. मी गाडीतच सांगून टाकलं. सरांनी गाडी कडेला घेतली. बिडकीनकडून येणारे ट्रक आमच्या शेजारून जात होते आणि प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती.

"वहीत थाळी तुम्ही लिहिलीत."

"हो सर."

"दीड महिना झाला."

"हो सर."

गाडी पुन्हा सुरू करत ते म्हणाले, "कंपनीला मी पत्र लिहितो. दुसऱ्या भागाचं काम येतंय. उद्या त्यांना घेऊन या. तुमचं नंतर बघू." माझं त्यांनी नंतर कधीच बघितलं नाही. आजही मी तिथंच आहे, कायम झाले, हाताखाली माणसं आली. नव्या मुलांना मी नियम शिकवते, तेव्हा माझा आवाज जरा जास्तच चढतो असं ती म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडेगावला गेले तर लेक म्हणाली, आई सराफ्यात. दुकानं अजून उघडायची होती. गल्लीत त्या पाठमोऱ्या दिसल्या, एका पायरीवर वाकलेल्या, हातात आखूड केरसुणी, बाजूला पत्र्याचा डबा. मी हाक मारली. "अगं बया, ताई!" म्हणून उठल्या, हात पदराला पुसले, पण माझा हात धरला नाही. वास येईल म्हणून असेल.

मी एका दमात सगळं बोलले. थाळी मी फोडली, परात मी वापरायला लावली, वही मी खोटी लिहिली, आणि त्या दिवशी गप्प मी बसले.

"मला काय सांगता," त्या म्हणाल्या. "मी बी तिथंच व्हते."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुमी नव्या व्हत्या. तुमाला घालवलं असतं तर म्होरं त्यांनी बाईमाणूस ठेवलंच नसतं. आन परात तुमची नव्हती की. माझी व्हती. म्या नगंच म्हणून बसायला पायजे व्हतं."

"सरांनी बोलावलंय. मी सांगितलं त्यांना सगळं. गाडी आणलीय, चला."

त्यांनी केरसुणी डब्यावर आडवी ठेवली. "एक सांगा आधी. परत धुतलं का त्या नाल्याचं? दिसलं का?"

कागद माझ्या पर्समध्ये होता. खरं काय ते सांगायचं, एवढंच ठरवून मी आले होते. पण त्या ज्या तऱ्हेनं बघत होत्या, ते मला सहन झालं नाही.

"दिसलं," मी म्हटलं. "तसाच कण. डोळ्यानं दिसला. डोंगराचंच होतं, सोजरबाई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ, की शेवटी मी मान खाली घातली. मग त्या हसल्या. राग नव्हता त्यात, खरंच हसल्या. "तुमाला खोटं बोलाया येत नाय, ताई. त्या दिशी गप ऱ्हायल्या तेच बरं केलं. तोंड उघडून काय बनवून सांगाया गेल्या असत्या, तर सायबांनी तिथंच वळखलं असतं."

"तरी चला ना. नवी थाळी, नवा डोंगर."

"नगं आता. थाळी हातात धरली की पयलं हेच मनात यील, हे माझं का डोंगराचं. भ्या बसलं हाताला. इथं बरं हाय. इथं जे निघंल ते सोनाराचंच असतंय, कुणी इचारत नाय."

शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं, सोनारानं पायरीवर पाणी टाकायला बादली आणली. सोजरबाई घाईनं वाकल्या. पाणी पडायच्या आत माती उचलायची होती.

"ताई, जरा पाय उचला."

मी पाय उचलला. त्यांनी माझ्या चपलेखालची माती केरसुणीनं डब्यात ओढून घेतली आणि पुढच्या पायरीकडे सरकल्या.